फवारणी ड्रोनचं पायलट सर्टिफिकेट आणि हात, दोन्ही चालू कसे ठेवायचे

विदर्भातल्या बहुतेक फवारणी ड्रोनचं वर्ष एकाच वळणाचं असतं. जुलैत सोयाबीनवर काम सुरू होतं, मग पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, नोव्हेंबर-डिसेंबरात तूर आणि हरभऱ्याची घाटे अळी. जानेवारी सरली की ड्रोन पेटीत जातो आणि पाच महिने कोणी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पुढच्या जुलैत चक्रीभुंगा दिसल्याचा पहिला फोन येतो, तेव्हा चारपैकी दोन बॅटऱ्या फुगलेल्या असतात, विमा मेमध्येच संपलेला असतो, पोर्टलचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही आणि पायलटचा अंगठा नको तेवढ्या उशिराने हलतो.

रिमोट पायलट सर्टिफिकेट १० वर्षांसाठी असतं. ड्रोन नियम २०२१ मध्ये तसं लिहिलं आहे आणि नंतर तेवढ्याच मुदतीपर्यंत नूतनीकरणही होतं. पण गेल्या तीन महिन्यांत तुम्ही ड्रोन उडवला की नाही, हे त्या नियमांत कोणी विचारत नाही. माणसं घेऊन उडणाऱ्या विमानाच्या वैमानिकाला गेल्या ९० दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन उतरणं झालेली असावी लागतात. आपल्याला तशी अट नाही, म्हणून ती आपणच घालून घ्यायची. आमचं मत असं: ४५ दिवसांत एकही उड्डाण झालं नसेल, तर औषध भरलेल्या टाकीने थेट कोणाच्या वावरात जायचं नाही. आधी सराव, मग काम.

पुढचा क्रम महिन्यांप्रमाणे लावला आहे. धानपट्ट्यात, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे, हंगाम थोडा मागेपुढे असतो. तिथे तारखा तशा सरकवून घ्या.

मे महिना: कागद

हे काम दोन तासांचं आहे, पण हंगामात करायला घेतलं तर आठवडा खातं.

सगळ्यात आधी पोर्टलवर लॉगिन होतंय का ते बघा. सर्टिफिकेट आणि ड्रोनची नोंदणी आधी डिजिटल स्काय पोर्टलवर होती, आता हे काम डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, ई-जीसीए पोर्टलवरून चालतं. अडचण जवळजवळ नेहमी एकच येते. ट्रेनिंगच्या वेळी संस्थेतल्या कोणीतरी घाईघाईत खातं उघडून दिलेलं असतं, ईमेल त्यांचा असतो, किंवा मोबाईल नंबर घरातल्या दुसऱ्या कोणाचा. बचत गटातल्या ताईंच्या बाबतीत तर नंबर हमखास नवऱ्याचा किंवा मुलाचा निघतो आणि ओटीपी येतो तेव्हा तो पोरगा पुण्याला असतो. खातं स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या आधारला जोडलेल्या नंबरवर आणून घ्या. सर्टिफिकेटची पीडीएफ फोनमध्ये ठेवाच, शिवाय एक छापील प्रत लॅमिनेट करून ड्रोनच्या पेटीत ठेवा. वावरात नेटवर्क नसतं आणि पोलीस पाटील पीडीएफ उघडेपर्यंत थांबत नाहीत.

रिफ्रेशर कोर्स कधी करायचा हे डीजीसीए वेळोवेळी जाहीर करू शकतं, तशी तरतूद नियमातच आहे. म्हणून वर्षातून एकदा पोर्टलवरच्या सूचना वाचा. नियम बदलत असतात: फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने लायसन्सच्या जागी सर्टिफिकेट आलं आणि ते देण्याचं काम ट्रेनिंग संस्थांकडे गेलं. सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीने पासपोर्टची सक्ती गेली, मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालू लागलं. घरातल्या दुसऱ्या माणसाला पायलट करायचं असेल तर एवढं ध्यानात ठेवा: वय १८ ते ६५, दहावी पास, आणि मान्यताप्राप्त संस्थेचं ट्रेनिंग.

मग ड्रोनचे कागद. युआयएन, म्हणजे ड्रोनचा ओळख क्रमांक, अंगावर स्पष्ट वाचता आला पाहिजे. औषधाच्या शिंतोड्यांनी स्टिकर पिवळं पडून अक्षरं उडतात. ड्रोन जुना घेतला असेल तर मालकी पोर्टलवर तुमच्या नावावर झाली आहे का बघा, नुसती शंभराच्या बाँडवरची लिखापढी पुरत नाही. एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. युआयएन हा फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचं उड्डाण सांभाळणारा आतला बोर्ड) आणि रिमोट यांच्या सीरियल नंबरशी बांधलेला असतो. गेल्या हंगामात मेकॅनिकने फ्लाइट कंट्रोलर किंवा रिमोट बदलून दिला असेल, तर नवा नंबर पोर्टलवर चढवावा लागतो. तो चढवलेला नसेल तर कागदोपत्री तुम्ही दुसराच ड्रोन उडवताय, आणि विम्याचा दावा तिथेच अडतो.

विमा: २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो ड्रोन सोडले तर थर्ड पार्टी विमा सगळ्यांनाच लागतो. पॉलिसीवरचा युआयएन, मालकाचं नाव आणि मुदत तपासा. महिला बचत गटांना ड्रोन देणाऱ्या नमो ड्रोन दीदी योजनेतून ड्रोन आला असेल तर पहिल्या वर्षाचा विमा पॅकेजमध्येच असतो आणि नेमकं म्हणूनच दुसऱ्या वर्षीचा हप्ता कोणाच्या लक्षात राहत नाही.

सर्टिफिकेट कोणत्या वजनाचं आहे

ड्रोनचा वर्ग वजनावर ठरतो, आणि हे वजन भरलेल्या टाकीसकट धरतात. २ किलोच्या वर आणि २५ किलोपर्यंत स्मॉल, २५ च्या वर १५० पर्यंत मीडियम. दहा लिटरचे बरेचसे फवारणी ड्रोन भरून २५ किलोच्या आत बसतात, कंपन्यांनी ते तसेच बनवलेले असतात. सोळा लिटरचा ड्रोन भरला की सहसा २५ च्या पुढे जातो. तुमच्या सर्टिफिकेटवर स्मॉल लिहिलं असेल आणि गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीने मोठा ड्रोन आणला, तर तो उडवायला वेगळं ट्रेनिंग आणि त्या वर्गाची नोंद लागते. टाकी अर्धीच भरतो म्हणून चालेल, असं काही जण म्हणतात. चालत नाही. टाइप सर्टिफिकेटवर, म्हणजे त्या मॉडेलच्या मंजुरीच्या कागदावर, लिहिलेलं कमाल वजनच मोजतात.

नकाशा दर हंगामाला नव्याने बघा

ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणाऱ्या सरकारी नकाशात हिरवे, पिवळे (परवानगी लागणारे) आणि लाल (मनाईचे) झोन असतात. हिरव्या झोनमध्ये जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटर, वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. फवारणी पिकाच्या माथ्यापासून दोन-तीन मीटरवरच होत असल्याने उंचीचा प्रश्न आपल्याला क्वचितच येतो. खरा प्रश्न वावर पिवळ्या किंवा लाल झोनमध्ये पडतं का, हा.

विदर्भात हे वाटतं त्यापेक्षा जास्त ठिकाणी घडतं. नागपूर विमानतळ सगळ्यांच्या लक्षात असतो, पण गोंदियाजवळचं बिरसी, अकोल्याचं शिवणी, यवतमाळ, चंद्रपूरजवळचं मोरवा इथेही धावपट्ट्या आहेत. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ मध्ये प्रवासी विमानं सुरू झाली, तेव्हा त्या बाजूच्या गावांनी जुना स्क्रीनशॉट दाखवून भागवू नये. पुलगावचा दारूगोळा डेपो, भद्रावती आणि भंडाऱ्याजवळचे आयुध कारखाने, कोराडी-खापरखेडा आणि चंद्रपूरचे वीज प्रकल्प, ताडोबा, मेळघाट, पेंच यांच्या कडेच्या गावांत तर गट नंबर टाकून नकाशा बघितल्याशिवाय बोली करू नका. कोणी बडा पाहुणा येणार असेल किंवा बंदोबस्त असेल तेव्हा प्रशासन तात्पुरता लाल झोन जाहीर करू शकतं. त्या आठवड्यात ठाण्यात एक फोन केलेला बरा.

उन्हाळा: बॅटऱ्या

ड्रोन पेटीत असताना सगळ्यात जास्त खराब होतात त्या बॅटऱ्या, आणि सगळ्यात महागही त्याच. चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. टिनाच्या शेडमध्ये त्याहून जास्त. अशा गरमीत पूर्ण चार्ज करून ठेवलेली लिथियम पॉलिमर बॅटरी फुगते. पूर्ण उतरवून ठेवली तर महिन्या-दीड महिन्यात सेल इतका खाली जातो की चार्जर तिला ओळखतही नाही.

शेवटची फवारणी झाली की चार्जरच्या स्टोरेज मोडवर प्रत्येक सेल ३.८० ते ३.८५ व्होल्टवर आणा. सहा सेलच्या बॅटरीला हे एकूण २२.८ ते २३.१ व्होल्ट होतात. पूर्ण भरल्यावर तीच २५.२ दाखवते. दर तीन आठवड्यांनी मोजा आणि सेल ३.७ च्या खाली गेला तर पुन्हा स्टोरेजवर आणा. आकड्यांचा कागद बॅटरीच्या पेटीवरच चिकटवा.

मोजताना एकूण व्होल्टेजवर भागवू नका, सेलनिहाय बघा. सेलांमधला फरक ०.०५ व्होल्टच्या आत असला तर ठीक. बॅलन्स चार्ज दोनदा करूनही ०.१ च्या वर राहत असेल, तर ती बॅटरी औषध घेऊन उडवायची नाही. ज्या ड्रोनमध्ये दोन बॅटऱ्या मालेत (सिरीजमध्ये) जोडतात तिथे जोड्या ठरवून घ्या, १-अ आणि १-ब असं मार्करने लिहा आणि त्या कधी फोडू नका. एक ताजी आणि एक थकलेली अशी जोडी लावली की थकलेली आधी कोसळते, आणि ड्रोन भरल्या टाकीसकट खाली बसतो. त्याच वजनाला नवी असताना मिळायची त्याच्या ८० टक्केही वेळ मिळत नसेल, तर ती जोडी सरावापुरती ठेवा.

ठेवायची कुठे? मातीच्या भिंतीची, उत्तरेकडची खालची खोली सगळ्यात चांगली. ज्या खोलीत कापूस भरलेला आहे तिथे बॅटरी एका रात्रीसाठीही ठेवायची नाही आणि चार्जिंगला तर लावायचीच नाही. आपल्याकडे भाव वाढेल म्हणून कापूस मार्चपर्यंत घरात असतो आणि घरातला रिकामा प्लग नेमका त्याच खोलीत निघतो. चार्जिंग फरशीवर, दाराजवळ, शेजारी रेतीची बादली, आणि जागेवर एक माणूस. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबून पेटीत बसवायची नाही. ती उघड्यावर रेतीत ठेवून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला परत द्यायची.

चार्जिंगला लागणाऱ्या विजेचा हिशोबही आताच करा. १२ सेलचा २२,००० एमएएचचा संच म्हणजे साधारण एक युनिट वीज. दोन संच एका तासात एकदम चार्ज करायचे तर सव्वादोन किलोवॉट लागतात, म्हणून ३ केव्हीएचा जनरेटर बरोबर पुरतो. गावात संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० वर आलं की चार्जर मध्येच बंद पडतो आणि सकाळी सगळे संच अर्धे निघतात. उडून आलेली बॅटरी हाताला कोमट वाटेपर्यंत, साधारण २० मिनिटं, सावलीत ठेवून मगच चार्जिंगला लावा.

मृगाच्या आधी: ड्रोनची तपासणी

पाती खिडकीच्या उजेडात धरा. मुळाशी केसासारखी चीर असेल तर ते पातं बाद, आणि त्याच हाताचं जोडीचं पातंही सोबतच बदला. मोटर बोटाने सावकाश फिरवा. कचकच लागली तर आत माती किंवा औषधाचे क्षार आहेत. खताच्या फवारणीनंतर ड्रोन पुसला नसेल तर कनेक्टरवर हिरवट-पांढरा थर येतो, तो स्पिरिटने साफ करा. कनेक्टरवर काळे डाग असतील तर ठिणग्या उडतायत, कनेक्टर बदलून घ्या. हात आणि मोटरचे सगळे बोल्ट घट्ट केल्यावर बोल्ट आणि फ्रेम दोन्हींवरून जाईल अशी नेलपॉलिशची एक बारीक रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला, हे पान्याशिवाय दुरूनही कळतं.

सॉफ्टवेअर अपडेट असेल तर ते आताच करा, कामाच्या दिवशी सकाळी कधीच नाही. अपडेटनंतर काही सेटिंग परत मूळ जागेवर जातात. रिटर्नची (ड्रोन आपोआप परत येतानाची) उंची, कमाल अंतर, बॅटरी कमी झाल्यावर ड्रोनने काय करायचं, औषध संपल्यावर काय करायचं, या चार जागा उघडून बघा. रिटर्नची उंची त्या वावरातल्या सगळ्यात उंच झाडापेक्षा किमान पाच मीटर जास्त हवी. धुऱ्यावर मोठा कडुनिंब किंवा चिंच असेल तर २५ मीटर ठेवा. उच्चदाबाचे मनोरे असलेल्या वावरात आपोआप परतणं घातक ठरतं. तिथे सिग्नल गेल्यावर जागेवर थांबण्याचं सेटिंग बरं, आणि तारांच्या पलीकडे ड्रोन पाठवायचाच नाही.

कंपास कॅलिब्रेशन डीपी, टिनाचं शेड, ट्रॅक्टर, बोअरचा केसिंग यांच्यापासून ३० मीटर लांब करा. खिशातला फोन आणि हातातलं लोखंडी कडं काढून ठेवा.

चार सकाळी सराव

जागा: पऱ्हाट्या उपटून वखरलेलं मोकळं वावर. वेळ: साडेसहा ते आठ, त्यानंतर गरम वारा सुटतो. खाली ताडपत्री अंथरून चार कोपऱ्यांवर दगड ठेवा, नाहीतर मोटरमध्ये धूळ जाते.

पहिल्या सकाळी ड्रोन बाहेर काढायचा नाही. सिम्युलेटरवर अर्धा-पाऊण तास बसा. ट्रेनिंगला मिळालेलं वापरा किंवा फोनवरचं घ्या. स्टिकची दिशा डोक्यात बसेपर्यंत चौकोन आणि इंग्रजी आठचा आकडा करायचा.

दुसऱ्या सकाळी रिकामी टाकी. तीन मीटर उंचीवर ड्रोन थांबवा, शेपूट आपल्याकडे, अर्धा मिनिट. मग डावी बाजू, उजवी बाजू, शेवटी तोंड आपल्याकडे. सरावाचा खरा कस या शेवटच्या स्थितीत लागतो, कारण तिथे डावं-उजवं उलटं होतं आणि पाच महिने बसून असलेला हात हमखास चुकतो. वावरात अपघातही असेच होतात: ड्रोन पट्टा संपवून आपल्याकडे परत येत असतो, बाभूळ दिसते, पायलट घाबरून डावीकडे ढकलतो आणि ड्रोन झाडात जातो. एक मीटरच्या घेऱ्यात चारही स्थितींत ड्रोन स्थिर राहिला की चौकोन आणि आठ करा. या वेळी ड्रोन वाढत्या घेऱ्यात गोल फिरायला लागला तर कंपास बिघडलाय. जीपीएस सोडून, ट्रेनिंगमध्ये शिकवलेल्या साध्या मोडवर घ्या आणि उतरवा.

तिसऱ्या सकाळी साधं पाणी. आधी पाच लिटर, मग दहा. भरलेला ड्रोन थांबायला जास्त जागा घेतो, आणि अर्ध्या टाकीत पाणी हिंदकळलं की तो एक झटका उलटा देतो. ४ मीटर प्रति सेकंद वेगात स्टिक सोडून तो किती पावलांवर थांबतो ते मोजा. तो आकडा लक्षात असला की धुऱ्यावरच्या झाडापासून किती आधी थांबायचं, हे वेगळं ठरवावं लागत नाही.

चौथ्या सकाळी बिघाडाचा सराव. आपोआप चालू असलेलं मिशन मध्येच थांबवून हातात घ्या, बाजूला न्या, उतरवा. रिटर्न दाबा आणि अर्ध्या वाटेत रद्द करा. बॅटरीचा इशारा वाजेपर्यंत उडवा आणि इशारा वाजल्यावर खरोखर किती सेकंद मिळतात ते घड्याळात बघा. सहाय्यकाला या दिवशी सोबत घ्या आणि शब्द ठरवा. "थांब" म्हटलं की दोन्ही स्टिक सोडायच्या, "वर" म्हटलं की फक्त वर. "अरे अरे, तिकडे तिकडे" याचा पायलटला काहीही उपयोग नसतो.

नोझल आणि हिशोब

पाच महिने पडून राहिलेल्या नोझलमध्ये जुनं औषध खडा होऊन बसतं. नोझल, जाळी आणि पंपाचा फिल्टर काढून कोमट पाण्यात भिजवा, जुन्या टूथब्रशने साफ करा. सुई किंवा तार घालायची नाही, भोक मोठं होतं.

मग मोजणी. एकरी १० लिटर पाणी, वेग ४ मीटर प्रति सेकंद, पट्टा साडेतीन मीटर धरू. सेकंदाला १४ चौरस मीटर होतात. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे फवारा २८९ सेकंद चालेल, पावणेपाच मिनिटांच्या वर थोडं. तेवढ्या वेळात १० लिटर उतरायचे तर मिनिटाला दोन लिटरच्या जरा वर, २.०८ लिटर लागतात. चार नोझल असतील तर प्रत्येकातून मिनिटाला ५२० मिली. आता पाती काढून ठेवा, पंप चालू करा, प्रत्येक नोझलखाली मापाचा डबा धरा आणि एक मिनिट मोजा. कोणताही नोझल बाकीच्यांपेक्षा १० टक्क्यांहून जास्त वेगळा असेल तर आधी साफ करा, तरी जमलं नाही तर सगळे नोझल एकदम बदला. ड्रोनच्या स्क्रीनवरचा आकडा फ्लो मीटरचा असतो आणि एक नोझल बंद असला तरी तो बरोबरच दिसतो. मग वावरात बंद नोझलखालचे पट्टे आठ दिवसांनी पिवळे दिसतात.

औषधाचं प्रमाण, जिथे सगळ्यात जास्त चुका होतात

कृषी केंद्रात प्रमाण विचारलं की उत्तर पंपाच्या भाषेत मिळतं: "पंपाला १५ मिली." हा पंप पाठीवरचा, १५ लिटरचा. एकराला असे १० पंप लागत असतील तर औषध एकरी १५० मिली झालं. ड्रोनच्या एका १० लिटरच्या टाकीत एक एकर होतो, म्हणून हे १५० मिली एकाच टाकीत जातं. नवखा पायलट, किंवा पाच महिन्यांनी परत आलेला, टाकीला पंप समजून १५ मिली टाकतो, अळी मरत नाही, आणि गावभर होतं की ड्रोनचा फवारा बेकार आहे. औषध नेहमी एकराच्या मापात बोला. केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये ४७७ नोंदणीकृत कीडनाशकांना ड्रोनने फवारायला अंतरिम मंजुरी दिली होती. तुमचं औषध आज मंजूर आहे का आणि लेबलवर काय आहे, हे दर हंगामाला कृषी सहाय्यकाकडून खातरजमा करून घ्या.

आणि याची दुसरी बाजू. टाकीतलं हे पाणी पाठीवरच्या पंपापेक्षा पंधरा पट घट्ट आहे. ड्रोनमुळे फवारणारा माणूस पऱ्हाटीतून बाहेर आला, हे खरंच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत वर हात करून फवारणं हे एक मोठं कारण होतं. पण धोका आता टाकी भरणाऱ्याच्या हातावर आला आहे. नायट्राइलचे हातमोजे, गॉगल, मास्क, प्लास्टिकचा एप्रन हे सहाय्यकाला, फक्त पायलटला नव्हे. पायलटने वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. डबा आणि लेबल काम संपेपर्यंत फेकायचं नाही, कोणाला मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर दवाखान्यात डॉक्टरांना तेच दाखवायचं.

तणनाशकाबद्दल एकच सांगणं: २,४-डी धानावर किंवा धुऱ्यावर मारलेली टाकी तीनदा धुतली तरी पऱ्हाटीला वापरू नये. अगदी थोड्या अंशाने कपाशीची पानं भेंडीसारखी चिरत जातात. त्या कामाला वेगळी टाकी आणि वेगळे नोझल ठेवा.

वारा मोजून उडवा. ३ मीटर प्रति सेकंदापर्यंत ठीक, त्यापुढे थांबा. पण पहाटे पान हलत नाही तेव्हाही फवारा मारू नये. गार हवा जमिनीलगत अडकलेली असते आणि बारीक थेंब त्यात तरंगत शेजारच्याच्या संत्र्यावर जाऊन बसतात. झुळूक सुटली, दव वाळलं, की सुरू करा. तापमान ३५ च्या वर गेलं की थेंब पानावर पोचायच्या आधीच सुकतात.

वही

ॲपमध्ये नोंदी असतात, तरी एक वही ठेवा. तारीख, गाव आणि गट नंबर, पीक, औषध आणि एकरी माप, कोणती बॅटरी जोडी, उडाल्यावर आणि उतरल्यावर व्होल्ट, किती मिनिटं, वारा, काही बिघाड. विमा कंपनी, तक्रार करणारा शेजारी आणि तुमचा मेकॅनिक, तिघांनाही हीच वही लागते. शेवटच्या पानावर सरावाच्या उड्डाणांची वेगळी यादी करा, म्हणजे ४५ दिवस कधी उलटले ते दिसेल. हंगामाच्या मधेही, पोळ्याच्या आसपास आठ-पंधरा दिवस झड लागली आणि ड्रोन बसून राहिला, तर पहिल्या दिवशी एक टाकी पाणी उडवून मगच औषध भरा.

पडलाच तर

आधी माणसं लांब करा, मोटर बंद झाल्याची खात्री करा, मग बॅटरी सोडवा. बॅटरी दबलेली असेल किंवा धूर येत असेल तर तिला हात लावू नका, धूर अंगावर घेऊ नका. सांडलेल्या औषधावर माती टाका आणि ती माती विहिरीच्या किंवा नाल्याच्या बाजूला जाऊ देऊ नका. हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या, युआयएन दिसेल असा एक. ड्रोनमधली नोंद त्याच दिवशी उतरवून ठेवा. ड्रोन नियमांप्रमाणे अपघाताची माहिती पायलटने ४८ तासांच्या आत पोर्टलवर द्यायची असते. विमा कंपनीला त्याच दिवशी फोन करा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून घ्या. कोणाला लागलं असेल, किंवा महावितरणची तार तुटली असेल, तर ठाण्यात आणि वायरमनला आधी कळवा. तारेत अडकलेला ड्रोन बांबूने काढायला जाऊ नका, झिरो वायरमनलाही (महावितरणच्या नोकरीत नसलेल्या खाजगी माणसालाही) वर चढवू नका. फीडर बंद झाल्याचं सबस्टेशनमधून स्वतः विचारून घ्या. दुरुस्तीनंतर पुन्हा सरावाच्या दुसऱ्या सकाळपासून सुरुवात करायची: रिकामी टाकी, मग पाणी, आणि मगच औषध.